नोरा, ब्रीडी आणि माझे पाय

पायांच्या बोटांत झिणझिण्या येताहेत, जिना चढताना पाय दगडासारखे जड वाटताहेत आणि घाबरून फोनवर शोधता शोधता तुम्ही माझ्यापर्यंत पोचला असाल, तर वाचणं आधी थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. मी कुठे जात नाही. परत आल्यावर निवांत वाचा.

आता परत आलेल्यांसाठी. मी स्नेहल. माहेर नाशिक, सासर नागपूर, आणि गेली काही वर्षं मुक्काम आयर्लंडमधल्या पोर्टलीशला. कॅथेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इंजिनिअर आहे. नवरा निखिल डब्लिनच्या दक्षिणेला, चेरीवूडला, सॉफ्टवेअर कंपनीत जातो. मुलगी ईरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्रजीत येतं. मला गुलेन-बॅरे सिंड्रोम झाला होता, ज्याला लोक जीबीएस म्हणतात. शरीराचे पहारेकरीच शरीराच्या नसांवर उलटतात. याहून जास्त डॉक्टर सांगतील. ते जे सांगत नाहीत, तेवढं मी सांगते.

यात नोरा नावाची एक मुलगी येईल. ती सतराव्या वर्षी कैदी झाली, जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवली गेली आणि माझी आजी जन्मायच्या आधीच मरून गेली. तरी तिच्याशिवाय माझ्या आजारपणाची गोष्ट पुरी होत नाही.

पोह्यांचा डबा

इथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. रविवारी सकाळी मी वरच्या प्रेसमधून पोह्यांचा डबा काढायला गेले आणि हात खांद्याच्या वर जाईना. आठवडाभर पोट बिघडलं होतं, म्हणून अशक्तपणा असेल असं वाटलं. दुसऱ्या हाताने तो वर ढकलून डबा ओढला, डबा निसटला, आणि स्वयंपाकघरभर पोहे. ईरा खिदळली, “मम, यू आर अ डिझास्टर!” मीही हसले. पोहे गोळा करायला खाली बसले आणि मग मला उठता येईना.

निखिलला आधी वाटलं, मी गंमत करतेय. तो हात पुढे करून उभा राहिला. मी त्याचा हात धरला, पण माझी पकडच नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना मी पाहिलं. ते अजून आठवतं.

गावातल्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्याने परत मारली. मग हातोडीकडेच असं पाहिलं, जणू तीच बिघडली असावी. माझ्या धंद्यात माप चुकलं की आधी उपकरण तपासतात, म्हणून मला त्याही अवस्थेत हसू आलं. मग त्याने हातोडी खिशात ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजून जावं.

“बहुतेक लोक यातून बरे होतात,” तो म्हणाला. “पण बरं वाटायच्या आधी जास्त वाईट होईल.”

मला फक्त दुसरं वाक्य ऐकू आलं. तुम्ही पहिलं ऐका. ते खरं होतं.

मशीन

पाय गेले, मग हात, मग चेहरा. छाती दमायला लागली तेव्हा अॅम्ब्युलन्सने डब्लिनच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि श्वास मशीनवर सोपवला. गळ्यातून नळी, त्यामुळे आवाज बंद. डोळे पुरते मिटत नव्हते म्हणून चिकटपट्टी. आत मात्र मी लख्ख जागी.

मरणाची भीती वाटते असं लोक समजतात. मला नाकाला खाज सुटायची भीती वाटायची. खाज सुटली तर कुणाला सांगणार? एक नर्स रोज सकाळी आली की आधी बाहेरचं हवामान सांगायची. “पाऊस आहे, पण मऊ पाऊस. तुला आवडला असता.” ती माझ्याशी बोलायची, मला वगळून माझ्याबद्दल नाही. एवढ्यावर मी दिवस ढकलला.

ईराला एकदा आणलं. ती दारात उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि निखिलच्या कोटात तोंड खुपसलं. मला तिला सांगायचं होतं की आत मीच आहे. ते काही जमलं नाही. ती परत आली नाही.

सासूबाई नागपूरहून धावत आल्या. घर, डबे, ईराची शाळा, सगळं अंगावर घेतलं. रोज पोर्टलीशहून निखिलबरोबर यायच्या, माझे पाय चोळायच्या आणि भावकीचे फोनही घ्यायच्या. मी डोळ्यांवर पट्टी घेऊन ऐकत असायची.

“काही नाही व, व्हायरल आहे तिले. कंबर धरली. होऊन राह्यलं बरं.”

धाकट्या दिराचं लग्न जुळत होतं. ‘थोरली सून लुळी पडली’ हे मुलीकडच्यांच्या कानावर जायला नको होतं. निखिलला ते पटलं नव्हतं, पण वाद घालायला त्याच्यात त्राण नव्हतं. त्यानेही ऑफिसात ‘शी’ज ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत ‘ती मजेत आहे’, असंच सांगून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं. अर्धं तोंड लोंबतंय, लाळ गळतेय, अशी मी कुणाला दिसायला नको होते.

खिडकीजवळची बाई

नळी निघाली, श्वास माझा मला मिळाला, घोगरा आवाज परत आला. मग मला डन लेअरीजवळच्या पुनर्वसन हॉस्पिटलात हलवलं. तिथून समुद्र दिसतो. चेरीवूड जवळ, त्यामुळे निखिल जेवणाच्या सुट्टीत येऊ शकायचा. खोलीत दोन खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर ब्रीडी होती.

ब्रीडी माझ्या आईपेक्षा वयाने मोठी, पण इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. तिला पक्षाघात झाला होता. डावा हात निकामी, डावा पाय ओढत, डाव्या बाजूची नजर अर्धी गेलेली. जीभ शाबूत होती, आणि सगळी कसर ती जिभेने भरून काढायची.

“कुठली गं तू?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

“पोर्टलीश.”

“त्याआधी?”

“नाशिक.”

“ते मला ठाऊक नाही. पोर्टलीश ठाऊक आहे. म्हणजे तू लीशची. मीही लीशची.” लीश म्हणजे आमची काउंटी, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. ब्रीडीचं गाव त्यातल्याच स्लीव ब्लूम डोंगरांच्या पायथ्याशी. विषय तिथेच संपला. मी तिच्या गावची झाले.

दुसऱ्या दिवशी तिने चांगल्या हाताने खिडकीबाहेर बोट केलं. “ते बंदर दिसतं? आमची नोरा तिथून गेली.”

मला वाटलं, बहीण किंवा भाची असेल. इथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी ऑस्ट्रेलियात असतंच. “ऑस्ट्रेलियाला?”

“टास्मानियाला. तेव्हा त्याला व्हॅन डीमन्स लँड म्हणायचे. कैदी म्हणून गेली. माझ्या पणजोबांची थोरली बहीण.”

आपण ज्याला काळं पाणी म्हणतो, तसंच ते. “काय केलं होतं तिने?”

“आग लावली,” ब्रीडी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला, जणू नोराने डॉक्टरी पास केली होती.

नोरा

दुपारी व्यायामाला न्यायच्या आधी थोडा मोकळा वेळ असायचा. नोरा मला त्या वेळात भेटली, तुकड्यातुकड्याने. मी इथे सलग सांगते.

बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंड उपाशी पडलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. नोराचा बाप तापाने गेला. मागे आई, नोरा आणि दोन लहान भाऊ. त्यातला एक भाऊ हिवाळ्यात गेला. उरला मायकल, सहा वर्षांचा. गरिबांना ठेवून घेणारं सरकारी घर इतकं भरलं होतं की दाराशीच माणसं मरत होती. नोराने कुठूनतरी ऐकलं होतं की कैद्यांना दोन वेळा लापशी आणि पाव मिळतो, आणि गंभीर गुन्हा असेल तर जहाजातून अशा देशात पाठवतात जिथे मटणही असतं.

तिने चुलीतला निखारा फुटक्या मडक्यात घेतला, जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या आवारात भरदिवसा चालत गेली आणि गवताची गंजी पेटवली. लोक बादल्या घेऊन धावले. नोरा कुंपणाच्या दगडी भिंतीवर बसून राहिली. “कुणी केलं?” कारभारी ओरडला. “मी,” ती म्हणाली, आणि भिंतीवरून उतरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“कोर्टात न्यायाधीशाने विचारलं, पश्चात्ताप होतो का?” ब्रीडी सांगत होती. “तर म्हणाली, गवत ओलं होतं, नीट पेटलं नाही, याचा होतो.”

“खरंच असं म्हणाली?”

“देव जाणे. आमच्या नोराला शोभतं, एवढं मला कळतं.”

सात वर्षांची हद्दपारी झाली. डब्लिनच्या तुरुंगात तिला पोटभर मिळू लागलं आणि पहिले काही दिवस ती रडतच जेवली, कारण प्रत्येक घासाला मायकल आठवायचा. पण तिच्या जाण्याने घरात एक तोंड कमी झालं होतं. उरलं-सुरलं मायकलच्या वाट्याला आलं आणि तो जगला. तोच ब्रीडीचा पणजोबा.

जहाजावर बायका आणि त्यांची लहान पोरं दाटीने भरलेली. अर्ध्या वाटेत नोराला ताप आला, हिरड्या सुजल्या, पाय काळेनिळे पडले आणि उभं राहता येईना. केरी काउंटीकडची एक बाई होती, चादरी चोरल्याबद्दल शिक्षा झालेली. ती नोराला पाठीवर घेऊन वर उन्हात न्यायची, पाय चोळायची, दोर हातात द्यायची आणि म्हणायची, चल. नोरा शिव्या द्यायची. बाई म्हणायची, शिव्या दे, पण चालता चालता दे.

इथे मी ब्रीडीला थांबवलं. “हे तू आत्ता माझ्यासाठी बनवलंस.”

“माझी आई हयात असती तर तिने सांगितलं असतं की मी अजिबात कल्पक नाही,” ब्रीडी म्हणाली. “टास्मानियाहून आली होती ना मार्गारेट, नोराच्या नातीची नात, तिने सांगितलं. नोरा म्हातारपणी नातवंडांना हे सगळं सांगायची. तिने काही लपवलं नाही.”

टास्मानियातल्या होबार्ट बंदराला उतरल्यावर नोराला एका शेतकऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून दिलं. एकदा चांदीचा चमचा हरवला. मालकिणीने सगळ्यांसमोर नोराला चोर म्हटलं. नोरा म्हणाली, “मी जाळलंय. चोरलं कधीच नाही.” उलट बोलली म्हणून केस कापून तिला तुरुंगाच्या धुणीघरात पाठवलं. तिथे ती महिनोन्‌महिने उकळत्या पाण्यात इतरांचे कपडे धूत राहिली, पण माफी मागितली नाही.

शिक्षा सरली. तिने एका लाकूड कापणाऱ्याशी लग्न केलं, तोही जुना कैदी. खोऱ्यात घर बांधलं, भरपूर मुलं झाली. जहाजावर आजाऱ्यांमध्ये राहून, पाहून पाहून शिकलेली नोरा त्या खोऱ्याची सुईण झाली. कोणाला कळा सुरू झाल्या की घोडा घेऊन माणूस तिच्या दाराशी. ज्या मालकिणीने चोर म्हटलं होतं, तिच्या सुनेचं बाळंतपणही नोरानेच केलं. ती आयर्लंडला परत कधीच आली नाही.

“आणि इथे?” मी विचारलं. “इथे लोक काय म्हणायचे?”

ब्रीडीने चांगल्या हाताने चादरीची कड सरळ केली. मग म्हणाली, “इथे ती नव्हतीच. घरात मेलेल्यांची, परदेशी गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची. तिचं नाव नसायचं. मी लहानपणी एकदा ‘नोरा कोण’ विचारलं, तर आईने थोबाडीत मारली. मायकलने मरताना तेवढं मुलाला सांगितलं होतं, तिच्या वाट्याचं मी खाल्लं, म्हणून जगलो. जी माणसं तिच्यामुळे जन्माला आली, त्यांनाच तिची लाज वाटत होती.”

अप लीश!

व्यायामाचं मी जास्त सांगत नाही, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. मला आधी एका फळीला पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं केलं. इतक्या दिवसांनी जमीन पायाखाली आली, तर चक्कर आली. मग दोन दांड्यांच्या मधे. डेक्लन नावाचा आमचा फिजिओ म्हणायचा, “पायांकडे बघू नकोस, समोर बघ.” समोर चाकाच्या खुर्चीत ब्रीडी बसलेली असायची, आणि मी पाय उचलला की ओरडायची, “अप लीश!” इथे हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या मॅचला आपल्या काउंटीच्या टीमसाठी असंच ओरडतात. सगळी व्यायामशाळा वळून बघायची.

एकदा मी दांड्यांमधून सरळ खाली कोसळले. लागलं नाही, पण रडू आवरेना. डेक्लन म्हणाला, काही हरकत नाही, छान करते आहेस. ब्रीडी म्हणाली, “काही छान नाही. पडलीस. मी पाहिलं. आता चहा येतोय, चल.” ज्यांच्या घरात असा आजारी माणूस आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. सारखं ‘छान’ म्हणू नका. पडलेलं पडलेलं म्हणा आणि चहा द्या.

तिची स्वतःची लढाई वेगळी होती. गावच्या स्मशानात नोराच्या नावाचा दगड बसणार होता. मार्गारेट त्यासाठी टास्मानियाहून पुन्हा येणार होती. ब्रीडीचा पुतण्या टॉम एके दिवशी टोपी हातात घेऊन खाटेपाशी आला. गावच्या कमिटीला वाटतंय, तो म्हणाला, की दगडावर ‘दुष्काळात परदेशी गेलेल्या नोराच्या स्मरणार्थ’ एवढंच असावं.

“परदेशी गेली? सहलीला?” ब्रीडी म्हणाली.

“आत्या, आगीचं कशाला? शाळेतली मुलं येणार आहेत.”

“आग काढलीस तर उरलं काय? एक पोरगी बोटीत बसली, एवढंच.”

“तुझी तब्येत बरी नाही. आम्ही करतो ना सगळं.”

तो गेल्यावर तिने चांगल्या हाताने उशी मागे सारली आणि ताठ बसली. मग म्हणाली, “मला तिथे उभं राहून बोलायचंय. खुर्चीत बसून बोलले, तर म्हणतील, म्हातारी आजारी आहे, तिच्या मनासारखं म्हणू द्या आणि सोडून द्या.” दुसऱ्या दिवसापासून डेक्लनलाच तिला थांब म्हणावं लागायचं.

ईरा

ईरा शेवटी आली. आजीचा हात धरून दारातच उभी राहिली. ब्रीडीने तिला बिस्किट दिलं आणि काही न विचारता नोराची गोष्ट सुरू केली. गंजी पेटली तशी ईरा खाटेच्या टोकाशी येऊन बसली.

“वॉज शी बॅड?” तिने विचारलं.

“भुकेली होती, बाळा,” ब्रीडी म्हणाली. “आणि हुशार होती.”

ईराने विचार केला. मग हळूच विचारलं, “डिड शी मिस हर मम?”

“मरेपर्यंत.”

ईराचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या हाताला लागला. माझी बोटं तेव्हा जेमतेम मिटायची. मी ती मिटली.

“यू स्क्वीझ्ड,” ती म्हणाली.

“हो.”

“डू इट अगेन.”

मी परत दाबलं. मग ती रडली, मी रडले, आणि सासूबाई ब्रीडीकडे पाठ करून पदराने डोळे पुसत बसल्या.

व्हायरल

सासूबाई रोज थर्मासमधून वरण-भात आणायच्या आणि मला भरवायच्या. असंच एकदा भरवताना फोन वाजला. “अरे बाप्पा, व्हायरल कसलं जातं लवकर,” त्या म्हणाल्या. “अशक्तपणा आहे, बाकी काई नाही.”

“काय म्हणतायत त्या?” ब्रीडीने विचारलं. मी सांगितलं. लपवायचा कंटाळा आला होता.

ब्रीडी सासूबाईंकडे वळली आणि माझ्यामार्फत बोलली. “तिला सांग, माझ्या आईने नोराला जन्मभर लपवलं. ती वाईट बाई नव्हती. तिला वाटलं, ती आम्हाला वाचवतेय. पण त्यातून कुणीच वाचलं नाही. आम्ही फक्त एक धीराची बाई गमावली.”

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. “गंजी जाळून पळाली काऊन नाही ती?” एवढंच विचारलं.

“पळाली असती तर जेवायला मिळालं नसतं, आई.”

त्यांनी डबा बंद केला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन बसल्या.

संध्याकाळी निखिल आला तो तणतणतच. “आईला कशाला दुखावलंस? ती सगळं सोडून इथे आली आहे.”

“मला ठाऊक आहे. पण मला व्हायरल नाही झालेलं, निखिल. मी श्वास घ्यायला विसरले होते. मी बोट हलवायला शिकतेय. हे मी केलंय, आणि तुम्ही ते कुणाला सांगत नाही.”

आवाज परत आल्यावर मी त्याच्याशी पहिल्यांदाच एवढं बोलले होते. तो खुर्चीत बसला आणि त्याने हातात तोंड लपवलं. तोही किती दमलाय, ते मला तेव्हा दिसलं. “मला वाटायचं, मोठ्याने म्हटलं तर खरं होईल,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात सांगितलं. एका सहकाऱ्याच्या भावाला हेच झालं होतं. तो आता सायकल चालवतो. ही गोष्ट इतके दिवस आमच्यापासून दोन टेबलं लांब होती. म्हणून म्हणते, सांगा.

सासूबाईंचा डबा मात्र रोज येत राहिला.

दगड

मी घरी आले तेव्हा घोट्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या आणि हातात काठी होती. ब्रीडी माझ्या आधी गेली होती. उन्हाळ्यात तिचा फोन आला. “शनिवारी ये. सगळ्यांना आण.”

स्लीव ब्लूमच्या उतारावरचं ते स्मशान. गवत ओलं, जमीन उंचसखल. गाडीपासून दगडापर्यंत मी चालत गेले. निखिल बाजूने, हात पुढे न करता. त्यालाही ते आता जमायला लागलं होतं. सारा गाव जमला होता. शाळेची मुलं होती. टोपी घातलेला टॉम होता. लाल कोटातली उंच मार्गारेट तिच्या मुलांसह उभी होती आणि प्रत्येकाला अभिमानाने सांगत होती, “आम्ही नोराची माणसं.”

ब्रीडी चाकाच्या खुर्चीतून आली. टॉमने माईक तिच्या तोंडाशी धरला. तिने तो बाजूला सारला, चालायचा वॉकर पुढे ओढला आणि उठली. पहिल्यांदा जमलं नाही. टॉम पुढे सरसावला. “तिथेच थांब,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा उठली. उभी राहिली, थोडी डावीकडे कलून, पण उभी.

दगडावरचं कापड काढलं. कमिटीने शेवटी ब्रीडीचेच शब्द कोरले होते. अर्धी नजर गेलेली, त्यामुळे तिला अक्षरं दिसत नव्हती. तिला ती पाठ होती.

“नोरा,” ती मोठ्याने म्हणाली. “या गावची मुलगी. उपासमारीत तिने गवताची गंजी पेटवली आणि ती पळाली नाही. तिला हद्दपार केलं. तिच्या वाट्याचं खाऊन तिचा भाऊ जगला. आम्ही त्याची माणसं.”

तिच्या मागून कुणीतरी ओरडलं, “अप लीश!” तो टॉम होता. गाव हसलं आणि रडलं. शाळेतली मुलं टाळ्या वाजवायला लागली, आणि ईरा त्यांच्यात सगळ्यात जोरात.

खुर्चीत बसल्यावर ब्रीडीने मला जवळ ओढलं आणि मार्गारेटला, टॉमला, फादरना, जो समोर येईल त्याला सांगायला लागली, “ही माझी मैत्रीण, पोर्टलीशची. मला भेटली तेव्हा हिला कप धरता येत नव्हता. आज हे अख्खं स्मशान चालून आलीये. बघा हिच्याकडे.” लोक खरंच बघत होते. मला वाटलं होतं, लाज वाटेल. तसं काही झालं नाही. मी काठीवर टेकून ताठ उभी राहिले.

सासूबाई शेजारीच होत्या. “काय सांगून राह्यली व ते?” त्यांनी विचारलं.

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी ब्रीडीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग पर्समधून फोन काढला, नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि दीर, त्याची होणारी बायको, तिचे आई-वडील, सगळे पडद्यावर जमेपर्यंत थांबल्या. मग फोन हात लांब करून माझ्यासमोर धरला, काठी, पट्ट्या, सगळं दिसेल असा.

“ही पाहा आमची सून,” त्या म्हणाल्या. “हिले काय झालं होतं, ते सांगते आता. बसा सगळे.”